कापायची जागा

"ताई, पेनड्राइव्ह निम्मा मोकळा हाय, पण फॉरमॅट जुना. एक फाईल चार जीबीच्या वर घेतच न्हाई, आन् तुमची पाचची हाय," मलकापूरचे फोटोवाले वाजिदभाई म्हणाले. "दोन तुकडे करू. कुठं कापू?"

माझ्या सात महिन्यांच्या वीरधवलच्या झोपेचं अख्ख्या तासाचं शूटिंग डॉक्टरांनी मागितलं होतं. सासूबाईंचं मात्र एकच पालुपद, "लेकरं झोपंत हालत्यातच. तूच लय शंका घेतीस."

"हात झटकतोय तिथं तेवढं कापू नका," मी म्हणाले.

"आवं, गप झोपलंय की लेकरू," म्हणून ते हसले आणि शांत जागा शोधायला लागले. "हितं कापतो... न्हाई, हाललं. मग हितं... हितंबी हाललं की." व्हिडिओ पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. आता ते हसत नव्हते.

एकदम उठून त्यांनी लॅपटॉपची वायर उपटली.

"कापायला जागाच न्हाई, ताई. ह्यो लॅपटॉपच डॉक्टरकडं न्हेऊ. चला, गाडी काढतो."

मी सासूबाईंना फोन लावला आणि वाजिदभाईंच्या हातात दिला.

"एवढं तुम्हीच सांगा."