धुडकूआबांचा दस्ता

"अजून बोटभर काप," धुडकूआबा म्हणाले.

गजेंद्रने करवत थांबवली. "आबा, एवढा आखूड दस्ता कोण ठेवतं? जत्रेतली बंदूक दिसेल ती."

"दिसू दे. काप म्हटलं ना, मग काप!"

गजेंद्रच्या बायकोने, सुषमाने, पदर तोंडाला लावला. सासऱ्यासमोर हसायची सोय नव्हती.

डिंडोलीच्या त्या घरात आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. आबांची रायफल म्हणजे फौजेने बाद केलेला जुना माल. फौजेतून सुटल्यावर आबांनी रीतसर परवाना काढून ती घेतली आणि तिच्यासकट पर्वत पाटियाच्या एका साडी मार्केटच्या दारात राखणीला उभे राहिले. उभे राहिले ते राहिलेच. शेठ बदलले, साड्यांच्या फॅशनी बदलल्या, आबा तिथेच.

यंदा रायफलचा दस्ता तडकला. अस्सल जुना दस्ता मिळेना, मिळाला तर परवडेना. मग गजेंद्रने दुकानातून एक स्वस्तातला तयार दस्ता आणला. पिवळट, हलकं लाकूड. रायफलच्या लोखंडावर नीट बसतही नव्हता. आबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "पोरगी साधी आहे, पण नटवली तर शोभेल."

मग नटवणं सुरू झालं. लाकूड कुठे अडतं ते कळायला आबांनी सुनेची काजळाची डबी मागून घेतली. लोखंडाला काजळ लावायचं, दस्ता दाबून बसवायचा, काढायचा. जिथे काळा डाग उमटला तिथे कानस मारायची. की पुन्हा काजळ. डबी संपली. सुषमा म्हणाली, "माझ्या डोळ्यांपेक्षा हिचेच लाड जास्त." गाल टेकतो तिथे लाकडाची पट्टी चिकटवून त्यांनी दस्ता उंच केला. मागच्या टोकाला जुन्या चपलेचं रबर ठोकलं. वर जवसाच्या तेलाचे हात दिले, तेव्हा ते पिवळं लाकूड असं खुललं की शेजारचा कुंदन खास बघायला आला.

"कारखान्यातून आणला का हो, आबा?"

"हां. धुडकू आणि कंपनी," आबा म्हणाले, आणि छाती वीतभर पुढे आली.

गजेंद्र मात्र आबांच्याच सिक्युरिटी एजन्सीत गार्ड होता, त्याला खरं काय ते माहीत होतं. मागच्या सरावात आबांच्या पाचही गोळ्या मातीत गेल्या होत्या. म्हाताऱ्याची नजर गेली, असं सगळे म्हणाले. आबा उसळले होते, "मना डोया बरोबर शे! दस्ताच लांब शे! मान आखडली, चष्मा आला, खांदे उतरले. माणूस आखूड झाला आणि दस्ता तेवढाच राहिला, मग नेम कसा लागेल?"

कोणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर गजेंद्रनेही नाही. म्हाताऱ्याची हौस म्हणून तो करवत चालवत होता.

रविवारी कडोदऱ्याच्या पुढे एजन्सीची चाचणी होती. पाच गोळ्या, त्यातल्या तीन तरी कागदावर लागल्या पाहिजेत. तरण्या पोरांचं चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा संधी. साठीच्या पुढच्यांना तेवढी एकच, नाहीतर घरी. आणि मार्केटचं दार सुटलं तर आबा अंथरूण धरणार, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सरलाबाई, गजेंद्रची आई, सकाळी देवासमोर नारळ ठेवताना एवढंच म्हणाल्या, "त्यांची लाज राख रे बाबा."

गजेंद्रने ठरवलं होतं. देवाआधी आपणच राखायची.

"साहेब, आबांना ऐकू कमी येतं. हुकूम सांगायला मी शेजारीच झोपून माझ्या गोळ्या मारतो," तो योगराजसाहेबांना म्हणाला. चाचणी घेणारे योगराजसाहेब मूळचे नागपूरकडचे, फौजेतले जुने हवालदार. त्यांनी मान हलवली.

बापलेक शेजारी पालथे पडले. आबांनी दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि खुशीत म्हणाले, "बस्स! मांडीवर डोकं ठेवल्यासारखं वाटतं."

शिट्टी वाजली. गजेंद्रने आपली नळी तसूभर डावीकडे वळवली. एजन्सीत त्याच्या नेमाला तोड नव्हती, आणि त्या नेमाने त्याने पाचच्या पाच गोळ्या बापाच्या कागदावर मारल्या. आपला नेम इतका चांगला असल्याचा त्याला आजवर एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

कागद उतरवून आणले. गजेंद्रचा कोरा करकरीत. पोरं खिदळली. "काय गजाभाऊ, रात्री झोप नाही झाली का?"

"हात हलला," गजेंद्र म्हणाला. हसणं अंगावर घेताना त्याला गुदगुल्या होत होत्या. होऊ दे फजिती. पुढच्या आठवड्यात पुन्हा मारू.

आबांना मात्र राग आला. "हात हलला? माझा पोरगा असून? दस्ता मापाचा नसेल तुझा! घरी चल, तुलाही करून देतो."

तेवढ्यात योगराजसाहेबांनी आबांचा कागद उन्हाकडे धरला. मग त्यांनी बापलेकांना जवळ बोलावलं आणि पेनाच्या टोकाने एकेक भोक मोजायला लागले.

"एक. दोन. तीन. चार. पाच."

गजेंद्रने सुटकेचा निःश्वास सोडला. आबांची मान ताठ झाली.

साहेबांनी गजेंद्रकडे एकदा नीट बघितलं, आणि पेन पुढे सरकवलं.

"सहा. सात. आठ. नऊ. दहा."