कामाचा खरा रस्ता

सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्वेशनं लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसातल्या वर्षभराच्या नोंदी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. कोणाच्या नावानं, किती वाजता, कोणतं बटण दाबलं गेलं, सगळं त्यात होतं.

"आता ह्याचं काय करणार?" हेडक्लार्क मार्तंडरावांनी विचारलं.

"सॉफ्टवेअर स्वतःच नकाशा काढतं, काका. फॉर्म खरोखर कोणाच्या हातून जातो ते दिसतं. कुणाला विचारायचं कामच नाही."

"बेस हाय. विचारलं की माणूस स्वतःचंच कौतुक करत बसतो."

नकाशा पाहून क्लासचे मालक, सर, ऑफिसातल्या दोघा क्लार्कांपैकी एकालाच ठेवणार होते. मार्तंडरावांना स्वतःची काळजी नव्हती. क्लास एका खोलीत भरायचा, तेव्हापासून ते होते. काळजी होती दुसऱ्या टेबलावरच्या सौदामिनीची. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दोघांची बिऱ्हाडं शेजारी होती. तेव्हापासून ती त्यांना दादा म्हणायची.

वर्षापूर्वी तिची आई अंथरुणाला खिळली. "दादा, मला तीनला निघावं लागतंय. माझ्या नोंदी माझ्याच नावानं कराल का? कळलं तर सर काढतील मला," म्हणत तिनं पासवर्ड लिहून दिला. मग फॉर्म तपासणं, बॅच ठरवणं, हॉस्टेलची खोली देणं, सगळं दादा करत, तिच्या नावानं. त्यांचं मूळ काम पालकांची समजूत काढायचं. त्याला कम्प्युटरात बटण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये नकाशा उघडला. झाडून सगळे बाण सौदामिनीच्या चौकटीत शिरत होते. पोरगी वाचली, असं मार्तंडरावांना वाटलं.

"तुमची चौकटच नाही हो यात," सर म्हणाले. "सकाळी मशीन चालू करता, तेवढी एक नोंद आहे."

मार्तंडराव हसले. कुणी हसलं नाही.

"सर, तीननंतरच्या नोंदी माझ्या आहेत. सौदामिनी, सांग की."

सौदामिनीनं ओढणी सारखी केली. "दादांची लई मदत होते, सर. फोन घेतात. चहा सांगतात."

सर्वेश लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत राहिला. तिथं नाव एकच होतं.

बिचारी घाबरली, मार्तंडरावांनी स्वतःला समजावलं. घरात दुखणं असलं की माणूस असंच बोलतं. महिनाअखेरपर्यंतच या, म्हणून सरांनी सांगितलं, त्यालाही त्यांनी मान हलवली. निघता निघता थांबले.

"सर, हे मशीनकडून तपासायचं डोकं कुणाचं?"

"सौदामिनीबाईंचंच. वर्षभराच्या नोंदी साठू द्या आणि मग तपासा, असा रीतसर अर्ज दिला होता त्यांनी." सरांनी फाइल पुढं सरकवली.

अर्ज चार ओळींचा होता. खाली सही, सहीखाली तारीख. पासवर्ड तिनं त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी दिला होता.