उताऱ्यावरचे पाच प्रश्न

पहिली आत गेली ती निलम. तातेरावांनीच तिला पुढं काढलं होतं. बंजारा तांड्यातल्या चोवीस लेकरांत तीच सगळ्यांत चांगली वाचायची. पहिलं लेकरू नीट वाचून गेलं की तपासणाऱ्याचं मन सैल होतं, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंतच्या चौतीस वर्षांच्या मास्तरकीत पाहिलं होतं.

सेवालाल महाराजांच्या मंदिरात सतरंजीवर शिला मॅडम बसल्या होत्या. ज्या संस्थेनं तांड्याला पुस्तकांची पेटी दिली होती आणि तातेरावांना इथला शिक्षक म्हणून नेमलं होतं, तिच्याकडून त्या हिंगोलीहून आल्या होत्या. प्रत्येक लेकराच्या हाती एक छापील कागद द्यायचा, त्यावरचा उतारा वाचून घ्यायचा, मग तोंडी पाच प्रश्न.

"निकाल बघून पेटीचं आणि वर्गाचं ठरेल, सर," आल्या आल्या त्या म्हणाल्या होत्या.

तातेरावांनी मान हलवली. काय ठरेल, कसं ठरेल, हे विचारायचा त्यांना संकोच वाटला. विचारण्यासारखं काही होतं असंही नाही. पोरांना आलं तर पेटी राहणार, नाही आलं तर जाणार.

वर्ग सुरू झाला तो संतोषमुळे. संतोष याच तांड्यातला, त्यांचा जुना विद्यार्थी, गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचा. दोन वर्षांपूर्वी एकदा सगळी माणसं उतरल्यावर त्यानं लेकीचा दवाखान्याचा कागद त्यांच्यापुढं धरला. "वाचता येतं सर, पण हा कागद काय म्हणून राहिला तेवढं सांगा." त्यात टोमणा नव्हता. तातेराव त्या रात्री झोपले नाहीत. चौतीस वर्षं आपण पोरांकडून नुसते आवाज काढून घेतले की काय, असं त्यांना वाटत राहिलं.

मग गोरेगावहून रोज सकाळी ते तांड्यावर येऊ लागले. इथं शिकवायची रीत त्यांनी बदलली. हातात आलेला कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा, पुस्तक असेल तर लिहिणाऱ्याच्या नावासकट. मग तो मिटायचा आणि आपल्या शब्दांत सांगायचा. संध्याकाळी तीच गोष्ट घरच्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या बोलीत सांगायची. निलमची आजी नानीबाई तर भाकरी थापता थापता पुढचं विचारायची म्हणे. पण हे सगळं ऐकीव. खरं काय ते आज दिसणार होतं.

निलमनं उतारा न अडखळता वाचला. एका म्हातारीनं विकलेली शेळी परत आणली, एवढीच गोष्ट.

"म्हातारीनं शेळी परत का आणली?" मॅडमनी विचारलं.

निलम कागदाकडं बघत राहिली. बराच वेळ. तिचे ओठ हलत होते.

"समजलं न्हाई," ती म्हणाली.

पाचही प्रश्नांना तेच. तातेराव दाराशी उभं राहून ऐकत होते. निलम बाहेर आली, ओट्यावरच्या रांगेला आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. रांगेतलं खिदळणं थांबलं. दीड वर्षात तातेरावांना ती बोली चार-दोन शब्दांपलीकडं आली नव्हती.

मग रणजीत गेला. मग भीमराज. मग देवलाची धाकटी, जी एरवी दुसऱ्याला बोलू देत नसे. सगळ्यांनी उतारा घडाघडा वाचला. सगळे म्हणाले, समजलं न्हाई. शेवटचं पोरगं बाहेर आलं तेव्हा दुपार झाली होती.

मॅडमनी तक्ता भरला. वाचन फार छान आहे, समजण्याचं मात्र राहिलंय, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. आणखी काही सांगणार होत्या, पण तातेरावांनी हात जोडले आणि मला कल्पना आहे म्हणाले. जीप थांबली होती. फाईलला असू द्या म्हणून त्या कागदाची एक प्रत त्यांच्या हाती देऊन त्या निघाल्या. तातेरावांनी उतारा नजरेखालून घातला. सोपा होता. पुढं बघायचं मन झालं नाही. त्यांनी घडी करून कागद खिशात ठेवला.

तांड्याचे नायक वसराम ओट्याला टेकून सगळं बघत होते.

"काय गुरुजी, नापास झाले का तुमी?"

"झालो, नायक."

"घरी गोष्टी सांगून सांगून म्हाताऱ्यायचे कान खातेत. अन् इथं काहून मुकी झाली?"

आपल्याला बरं वाटावं म्हणून ते बोलताहेत, असं तातेरावांना वाटलं. ते आत गेले आणि पुस्तकं पेटीत रचू लागले. काही पुस्तकांचे कोपरे मळले होते, एकावर हळदीचं बोट उमटलं होतं. उद्यापासून सकाळी उठून कुठं जायचं, हा विचार त्यांनी बाजूला सारला.

लेकरं दाराशी येऊन उभी राहिली. तातेराव त्यांच्याकडं न बघताच म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. मलाच शिकवता आलं नाही. उद्या मॅडमना फोन करून पेटी न्यायला सांगतो."

"फोन करू नका, सर," निलम म्हणाली.

"का गं?"

"तुमी तो कागद वाचला का?"

"वाचला की."

"पुरा?"

तातेरावांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. त्यांनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली, चष्मा पुसून घातला. उतारा संपत होता तिथं एक रेघ होती. रेघेखाली बारीक अक्षरात छापलं होतं : 'परीक्षकांसाठी सूचना. निम्म्याहून अधिक मुलांनी बरोबर उत्तरे दिल्यास येथील काम पूर्ण झाले असे समजून पेटी व शिक्षक दुसऱ्या गावी पाठवावेत. अन्यथा दोन्ही आणखी एक वर्ष येथेच ठेवावेत.'