फ्रँक सरदाराचा धाकटा

"एकाकय आंधळो ठेव नको गो, संचिता. मगे तो दुसऱ्याचे डोळे मागतलो," लाकडी बाहुले तिच्या हाती देताना सावंतवाडीचे खेळणी घडवणारे बाबलीकाका म्हणाले होते.

एका शाळेच्या प्रदर्शनासाठी बाराशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं एक कुटुंब हवं होतं: फ्रँक जमातीचा एक सरदार, त्याची बायको आणि तीन मुलगे. संचिता ते घरी रंगवणार होती.

"काका, राजाने धाकट्याचे डोळे फोडले होते. इतिहासात एम.ए. केलंय मी."

"बाहुलो काय तुझा सर्टिफिकेट वाचता?" काका म्हणाले आणि ती खळखळून हसली.

मंगळवारी दुपारी तिने चौघांचे काळे डोळे रंगवले. धाकट्याचा चेहरा कोराच ठेवला. आत आठ महिन्यांची कस्तुरी पाळण्यात झोपली होती, घरात तिसरं कुणी नव्हतं.

ती ब्रश धुवून आली, तर धाकट्याला डोळे होते. मधासारखे तपकिरी, आणि डाव्यात बारीकसा काळा ठिपका. तो ठिपका ती रोज लेकीला काजळ घालताना बघायची.

तिने कोरड्या फडक्याने ते खसाखसा पुसले. रंग निघाला नाही. फडकं मात्र ओलं झालं.

एवढ्यात कस्तुरी जागी झाली. रडली नाही. तिचे हात पाळण्याच्या कडा चाचपडत राहिले.

संचिता दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावरच बसली. तिच्याने आत जाववत नाही. तुम्ही तरी जा हो. पाळण्यात वाकून पोरीकडे एकदा बघा, आणि काय दिसलं ते तिला लगेच सांगू नका.