पाचच्या आत

"पाचच्या आत हा तुरुंगाच्या दारातल्या पेटीत पडला पाहिजे, तरच आज सुटका," सुटकेचा आदेश दाखवत वकिलाचा कारकून म्हणाला.

गेंदाबाईंनी कागद हिसकावून घेतला. आधीच्या वकिलानेही दोनदा जामीन झाल्याचं सांगितलं होतं, आणि मुलगा अजून आतच होता.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून त्यांनी तो वाचून घेतला, मग झेरॉक्सवाल्याकडून. दोघांनीही मुलाचंच नाव वाचलं, तेव्हा कुठे त्या कारकुनासोबत रिक्षात बसल्या.

तुरुंगाच्या दारात शिपायाने कागद पाहिला. "मावशी, आदेश खरा आहे. पण पाच वाजून गेले, पेटी आत्ताच उघडून झाली. आता उद्या सकाळी."

गेंदाबाईंनी कागद पेटीत टाकला.

"चला, घरी सोडतो," कारकून हळूच म्हणाला.

"तुम्ही जा," म्हणत त्या पेटीसमोरच बसल्या. मधेच कोणी कागद काढून नेला तर?