बिनबाह्यांची जाकिटं

सकाळी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी हुकूम सोडला, “शिवून झालेल्या जाकिटांच्या बाह्या उसवा. पुन्हा शिवायच्यात.”

बाया हसल्या, पण उसवायला बसल्या. माल घेणाऱ्या देशाचं सरकार आयातकर वाढवणार की नाही, कुणालाच कळत नव्हतं. तयार माल गोदामात पडून होता आणि नवी ऑर्डर यायचं नाव घेत नव्हती. रिकामे हात दिसले की मालक माणसं कमी करणार, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. विचारलं तर ‘दुरुस्ती चालू आहे’ म्हणता यावं, एवढाच त्यांचा डाव.

बाह्या बसवण्यात ताईंचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

“इस्पितळाच्या धुलाईखान्यात जागा आहे. पगार कमी, पण नोकरी कायमची. आज पाचच्या आत जाऊन सही करायचीय. या रोजच्या धाकधुकीचा वीट आलाय हो.”

“जा की. तुमच्या पोटावर मी कशाला पाय देऊ?”

तीनच्या सुमारास वरून निरोप आला. करवाढ पुढे ढकलली, माल आजच पाठवा, सहाला ट्रक येतोय. बायांनी टाळ्या पिटल्या. मग सगळ्यांची नजर बिनबाह्यांच्या ढिगाकडे गेली आणि टाळ्या थांबल्या.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. “ताई, आज माल गेला नाही तर कारखान्याला कुलूपच लागेल. तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही.”

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. शेजारच्या मशीनवर धाकटी जाऊ बसली होती, तिच्याकडे पाहिलं. मास्तरांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि दोरा ओवला.

ट्रक निघाला तेव्हा पाच कधीच वाजून गेले होते. धुलाईखान्यातून फोन येऊन गेला होता, जागा भरली. ताईंना वाईट वाटलं, पण रडायचंही त्राण नव्हतं.

मालकांना भेटून मास्तर खाली आले. त्यांना मान वर करवेना. “करवाढ फक्त लांबवलीय, रद्द नाही केली. म्हणून नवी ऑर्डर कुणी देत नाही. मालक म्हणाले, उद्यापासून हाताला काम असेल तेवढ्याच बाया ठेवा.”

ताईंनी रिकाम्या गोदामाकडे पाहिलं.

“मग उद्या काय उसवू, मास्तर?”