जुनं अंतर्देशीय

गिरजाबाईंनी गावच्या पोरांना शिकवलं, तसंच साठी गाठलेल्या सुकलूलाही. पुढे बाईंचे डोळे गेले, तेव्हा चंद्रपूरहून येणारी नातीची पत्रं तोच वाचून दाखवी.

बाई वारल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला जेवणं आटोपली, तसं त्याने नातीला, कांताला, एकीकडे गाठलं. "पोरी, सालभर तुहं पत्र नाई आलं. जुनंच अंतर्देशीय हाती धरून मी मनचं वाचत होतो. बाईले फसवलं मी."

कांताने मान खाली घातली. "आजीले ठाऊक होतं, सुकलूबाबा. दवाखान्यात मले म्हणाली, 'खरं पत्र वाचताना तो ओळीओळीले अडखळते. हे मात्र धडाधड वाचते.'"

"मंग टोकलं काऊन नाई?"

"म्हणे, 'सुकलू पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं निबंध करून राह्यला. मधात कशी टोकू?'"